आकडी, पथ्य आणि पुरावा

सोलापूरकडच्या घरात लेकराला आकडी आली की गोळ्या सुरू व्हायच्या आधीच ताट बदलते. वांगे बंद, दही बंद, केळे बंद, आंबट बंद, शेंगदाणा बंद. ही यादी थोडी आजीकडून येते, थोडी शेजारपाजारातून, आणि अलीकडे बरीचशी मोबाइलवरच्या व्हिडिओंतून. व्हिडिओंनी जुन्या यादीत गहू, दूध आणि अंडे यांची भर घातली आहे आणि तिला ‘फूड ॲलर्जी’ असे वजनदार नाव दिले आहे. आई-बाप हे सगळे मायेपोटी करतात, त्यामुळे त्यांना नावे ठेवण्याचा प्रश्नच नाही. पण माझे म्हणणे असे की, अन्नाचा आणि आकडीचा संबंध खरोखरच आहे, तो गंभीर आहे, आणि म्हणूनच तो अंदाजाने शोधायची गोष्ट नाही. आपण संशय घेतो तो बहुतेक वेळा निरपराध पदार्थांवर. अन्नपाण्यातून आकडी ज्या वाटांनी खरोखर येते, त्या वाटांकडे मात्र आपले लक्षच जात नाही.

हा वाद फार जुना आहे. सुमारे २४०० वर्षांपूर्वी हिप्पोक्रॅटिसच्या परंपरेतल्या एका ग्रीक वैद्याने अपस्मारावर ग्रंथ लिहिला. त्या काळचे मांत्रिकही रुग्णाला काही मासे, बकऱ्याचे मटण, कांदा, लसूण, पुदिना वर्ज्य करायला सांगत. त्याने उलट विचारले की, बकऱ्याच्या मांसाने हा रोग होत असेल तर बकऱ्यांवरच जगणारे आणि त्यांच्याच कातड्यावर झोपणारे लिबियातले लोक धडधाकट कसे? हाच प्रश्न सोलापुरात विचारून पाहावा. इथे शेंगदाण्याचे कूट भाजीत, आमटीत, कोशिंबिरीत असते आणि शेंगाचटणी भाकरीइतकीच रोजची. शेंगदाण्याने आकडी येत असती तर हा जिल्हा एव्हाना रुग्णालयात असता. तरीही आईला वाटते ते उगाच नसते. आकडी आली त्या दिवशी पोराने शेंगदाणा खाल्लेला असतोच, कारण तो रोजच खातो. महिन्यातून एकदा आकडी येणारे मूल उरलेले २९ दिवसही तोच शेंगदाणा खाते आणि हसत खेळत असते. ते २९ दिवस कोणी लक्षात ठेवत नाही, आकडीचा दिवस मात्र कायमचा मनावर कोरला जातो. एखादा पदार्थ दोषी आहे असे म्हणायचे तर तो खाल्ल्यावर किती वेळा आकडी आली, खाल्ल्यावर किती वेळा आली नाही, आणि न खाताही किती वेळा आली, या तिन्ही गोष्टी तारखेनिशी लिहिलेल्या हव्यात. दोन रुपयांच्या वहीत हे काम होते आणि डॉक्टरांना त्या वहीचा मोठा उपयोग होतो.

आता ॲलर्जीकडे वळू. खरी अन्नाची ॲलर्जी ओळखायला सहसा अवघड नसते. पदार्थ पोटात गेल्यावर काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, उलट्या होतात, दम लागतो. प्रकरण तीव्र असेल तर रक्तदाब एकदम कोसळतो, माणूस बेशुद्ध पडतो आणि मेंदूला रक्त कमी पडल्याने त्याच्या हातापायांना झटकेही येतात. बघणाऱ्याला ती आकडीच वाटते. पण इथे लागते ते मांडीत ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन, आणि तेही तातडीने. म्हणून झटक्यांच्या आधी गांधी किंवा सूज होती का, हा प्रश्न जीव वाचवणारा आहे आणि घरच्यांनी तो न विचारताही डॉक्टरांना सांगावा. ज्याला शेंगदाण्याची अशी ॲलर्जी असल्याचे निश्चित झाले आहे त्याला सोलापुरात जेवणे फार जिकिरीचे, कारण कूट दिसत नाही. पाकीटबंद पदार्थांवर शेंगदाणा, दूध, अंडे, सोयाबीन, मासे, ग्लूटेन असलेली धान्ये वगैरेंची सूचना छापणे अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी सक्तीचे केले आहे. पण खानावळीतल्या रश्शावर कोण लेबल लावणार? तिथे वाढणाऱ्याला विचारणे आणि त्याने खरे सांगणे, एवढाच आधार उरतो.

एवढा तीव्र प्रकार सोडला, तर ॲलर्जीने अपस्मार होतो याला पुरावा काय? या मताचे लोक ज्या अभ्यासाकडे बोट दाखवतात तो खरोखर वाचण्यासारखा आहे. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातील एगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये अपस्माराच्या ६३ मुलांना अगदी मोजक्या पदार्थांच्या आहारावर ठेवले. त्यातल्या ४५ मुलांना आकडीबरोबर अर्धशिशी, पोटदुखी किंवा अतिचंचलपणा असे काही ना काही होते. त्यांपैकी २५ जणांच्या आकड्या थांबल्या आणि ११ जणांच्या कमी झाल्या. उरलेल्या १८ मुलांना नुसता अपस्मार होता. त्यांच्यापैकी एकालाही फायदा झाला नाही. पहिला आकडा मोठ्या आवाजात सांगितला जातो, दुसरा गाळला जातो. प्रामाणिकपणे वाचले तर या अभ्यासातून एवढेच निघते की, आकडीच्या जोडीला तीव्र अर्धशिशी आणि पोटाच्या तक्रारी असलेल्या काही मुलांत अन्नाचा काही भाग असू शकतो. नुसती आकडी असलेल्या पोराचे दूध तोडायला त्यात आधार नाही. पुढे या अभ्यासाला दुजोरा देणारी त्या तोडीची मोठी चाचणीही झालेली नाही. असे असताना रक्ताच्या एका नमुन्यावर शे-दोनशे पदार्थांची ‘सेन्सिटिव्हिटी’ सांगणाऱ्या तपासण्या हजारो रुपयांना विकल्या जातात. त्यांत मोजतात ते आयजीजी प्रकारचे प्रतिपिंड, आणि ते असणे म्हणजे शरीराला त्या पदार्थाची ओळख आहे, एवढाच अर्थ. युरोपातील ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच अन्नाच्या ॲलर्जीच्या निदानासाठी ही तपासणी वापरू नये असे स्पष्ट सांगितले आहे. रोज भाकरी खाणाऱ्याच्या अहवालात ज्वारीपुढे लाल खूण आली तर नवल नाही. पण त्या खुणेपायी भाकरी सोडणारे घर फसवले गेलेले असते.

गव्हाचे प्रकरण वेगळे आहे आणि त्याला न्याय द्यायला हवा. सीलिॲक रोगात गव्हातल्या ग्लूटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्याच्या अस्तरावर उठते. ही नेहमीच्या अर्थाने ॲलर्जी नव्हे. काही थोड्या रुग्णांत मेंदूच्या मागच्या भागात कॅल्शियमचे साठे आणि त्याबरोबर अपस्मार आढळतो, हे इटलीतील डॉक्टरांनी १९९२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. भारतात २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत रक्तात सीलिॲकचे प्रतिपिंड आढळण्याचे प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के, तर दक्षिणेत अवघे ०.१० टक्का निघाले. ज्या मुलखात गहू कमी तिथे रोगही कमी. सोलापूर तर भाकरीचा मुलूख. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि ज्वारीत ग्लूटेन नसते. मात्र महाराष्ट्रात ज्वारीखालचे क्षेत्र घटत गेले आणि चपाती, पाव, बिस्किटे खेड्यापाड्यांत पोचली. म्हणून वाढ खुंटलेले, पोट फुगलेले, रक्त कमी असलेले आणि वर आकडीही येणारे मूल समोर आले तर सीलिॲकची रक्ततपासणी करायलाच हवी. फक्त एक पथ्य इथे उलटे आहे. तपासणी होईपर्यंत गहू बंद करायचा नाही. आधीच बंद केला तर तपासणी खोटीच ‘ठीक’ येते, आणि खरा रोग कायमचा झाकला जातो.

सोलापूरने आपली सगळी काळजी एकवटावी अशी जागा दुसरीच आहे. आकडीची ती पहिली खरी वाट म्हणजे न धुतलेली पालेभाजी आणि न धुतलेले हात. भारतात आकडीच्या मोठ्या कारणांपैकी एक म्हणजे मेंदूत उतरलेल्या पट्टकृमीच्या गाठी, न्यूरोसिस्टिसर्कोसिस. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जिथे हा कृमी ठाण मांडून आहे तिथल्या अपस्माराच्या सुमारे ३० टक्के रुग्णांच्या मुळाशी तो असतो. याचे चक्र नीट समजून घ्यायला हवे, कारण त्याबद्दलचा गैरसमज जातींच्या आणि आहाराच्या अहंकाराला खतपाणी घालतो. डुकराचे अर्धेकच्चे, कृमीग्रस्त मांस खाणाऱ्याच्या आतड्यात लांबलचक पट्टकृमी वाढतो. त्याला बहुधा विशेष त्रासही होत नाही. पण त्याच्या विष्ठेतून हजारो अंडी बाहेर पडतात. उघड्यावरच्या शौचातून, सांडपाण्यातून, न धुतलेल्या हातातून ती अंडी भाजीवर, पाण्यात, दुसऱ्याच्या घासात जातात, आणि मेंदूत गाठी होतात त्या ही अंडी गिळणाऱ्याच्या. त्यामुळे जन्मात मांसाला न शिवलेल्या शाकाहारी घरातही हा रोग होतो. “आमच्यात तसलं काही खात नाहीत” हे उत्तर इथे लागूच पडत नाही.

आपल्या जेवणाची रीत इथे आठवून पाहावी. भाकरी, शेंगाचटणी, बुक्कीने फोडलेला कांदा आणि शेजारी कच्ची मेथी, कांद्याची पात, मुळ्याचा पाला. हा पाला मुरलेल्या खेडूत जिभेचे वैभव आहे आणि पोषणाच्या दृष्टीने उत्तम आहे. तो सोडावा असे मी अजिबात म्हणणार नाही. पण मेथीच्या जुडीच्या मुळाशी माती चिकटलेली असते, ती जुडी कोणत्या पाण्यावर वाढली ते मंडईत कळत नाही, आणि ही अंडी डोळ्यांना दिसत नाहीत. देठ मोडून, पाने सुटी करून, दोन-तीन पाण्यांनी आणि शेवटी वाहत्या पाण्याखाली धुतली तर धोका बराच घटतो. शिजवली तर संपतो. मीठ किंवा व्हिनेगर लावल्याने अंडी मरतात यावर विसंबू नये. आता ज्या शहरात नळाला पाणी वर्षानुवर्षे काही दिवसांच्या अंतराने येत आले आहे, जिथे बाईने पाण्याचे पिंप पुरवून पुरवून वापरायचे असते, तिथे तिला “भाजी तीन पाण्यांनी धू” असे सांगणे सोपे आहे, करणे सोपे नाही. उजनी धरण याच जिल्ह्यात आहे. सोलापूरच्या पाण्याचा प्रश्न हा मेंदूच्या आरोग्याचाही प्रश्न आहे, ही गोष्ट महापालिकेच्या सभागृहात कोणी मांडत नाही, म्हणून ती इथे मांडतो. पंढरपूरच्या वाटेवर वारीत फिरती शौचालये उभी राहू लागली, त्याकडेही नुसती स्वच्छता म्हणून पाहू नये. उघड्यावरचे एकेक शौच टळले की या चक्रातला एकेक दुवा तुटतो. आणि ज्याच्या मेंदूत गाठ निघते त्याने जंताची गोळी स्वतःहून घेऊ नये. गाठीतला कृमी मरताना मेंदूला सूज येते आणि आकड्या वाढतात, म्हणून डॉक्टर स्टेरॉइडच्या आडोशाने ती औषधे देतात. यात दिलासा असा की, एकुलती लहान गाठ बऱ्याचदा विरून जाते आणि पुढे आकडीच्या गोळ्याही थांबवता येतात.

दुसरी वाट उपाशी पोटाची. बिहारमधल्या मुजफ्फरपुरात वर्षानुवर्षे उन्हाळ्यात पहाटे मुलांना आकड्या येत. २०१४ मध्ये तिथल्या दोन रुग्णालयांत ३९० मुले दाखल झाली आणि १२२ दगावली. तपासात आढळले की, लिचीतल्या नैसर्गिक द्रव्यांनी शरीराची साखर तयार करण्याची क्रिया रोखली जाते, आणि रात्री न जेवता झोपलेल्या, आधीच कृश असलेल्या मुलांची साखर पहाटे जीवघेणी खाली जाते. म्हणजे नुसते फळ नव्हे. फळ आणि उपास यांची गाठ पडली तेव्हा जीव गेले. रात्रीचे जेवण चुकवू नका, हा तिथला सर्वांत मोठा उपाय ठरला. आपल्याकडे लिची नाही, पण उपास आहेत. एकादशी, नवरात्र, श्रावणी सोमवार. उपास माणसाने श्रद्धेने करावा, पण “उपाशीपोटी गोळी कशी घ्यायची” म्हणून त्या दिवशीची गोळी चुकते आणि तिथेच घात होतो. थांबलेली आकडी पुन्हा येण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे चुकलेली गोळी. कोजागिरीला सोलापुराहून हजारो भाविक तुळजापूरला पायी जातात, रात्रभर चालतात. ज्याला आकडीचा त्रास आहे त्याच्यासाठी जागरण, चुकलेले जेवण आणि चुकलेली गोळी ही तिन्ही एका रात्रीत जमून येतात. त्याने दिवसा चालावे, वेळेवर खावे, गोळी कमरेच्या कशात ठेवावी. आई भवानी त्याने रागावणार नाही. हातभट्टी आणि दारू यांचा हिशेबही इथेच येतो. रोज पिणाऱ्याने एकदम थांबवली की पुढच्या सहा ते ४८ तासांत आकडी येऊ शकते, म्हणून दारू सोडायची ती डॉक्टरांच्या नजरेखाली.

तिसरी वाट ताटात काय आहे यापेक्षा काय नाही याची. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने ग्रामीण गर्भवतींचा दीर्घ अभ्यास केला, त्यात सुमारे दोन-तृतीयांश स्त्रियांत ब-१२ जीवनसत्त्व कमी निघाले. हे जीवनसत्त्व दूध-दही, अंडी, मांस-मासे यांतूनच मिळते. आईकडेच नसेल तर अंगावर पिणाऱ्या बाळाला कुठून मिळणार? सहा महिने ते वर्षाचे असे बाळ मलूल होते, शिकलेले विसरते, थरथरते, काहींना आकड्याही येतात, आणि वेळीच इंजेक्शन मिळाले तर झपाट्याने सुधारते. अशा घरात पथ्य म्हणून आईचे दूध-दही बंद करणे म्हणजे रोगालाच खाऊ घालणे.

“पण पथ्य पाळल्याने नुकसान काय?” हा सर्वांत सभ्य आक्षेप. नुकसान आहे. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन ही वर्षानुवर्षे चालणारी औषधे शरीरातले ड जीवनसत्त्व घटवतात आणि हाडे ठिसूळ करतात. त्याच मुलाचे दूध, दही, अंडे आणि शेंगदाणा तोडला तर आपण त्याच्या हाडांवर आणि मांसावर दुहेरी घाला घालतो. शिवाय यादी लांबली की दोष वाढणारीवर येतो. आकडी आली की सासू सुनेला विचारते, “काय खाऊ घातलंस?” आणि चुकलेल्या गोळीबद्दल कोणी विचारत नाही. आयुर्वेदाचा हवालाही दिला जातो. चरकसंहितेत अपस्मारावर निदानस्थानात आणि चिकित्सास्थानात स्वतंत्र अध्याय आहेत, आणि त्यांत पथ्याइतकाच भर औषधी तुपांवर, पंचगव्य घृतासारख्या योगांवर आहे. रोगी पाहून, कारण शोधून उपचार करणारी ती परंपरा आहे. तिच्या नावावर सर्वांना एकच पाच पदार्थांची बंदी खपवणे तिच्यावरही अन्याय आहे.

याहून वजनदार आक्षेप असा की, औषधांनी सगळे बरे होत नाहीत. खरे आहे. योग्य औषधांनी सुमारे ७० टक्के रुग्णांच्या आकड्या थांबू शकतात, म्हणजे उरलेल्यांना दुसरे काही हवे. आणि इथेच आहार हा खरोखर उपचार ठरतो. १९२१ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी उपासासारखी स्थिती टिकवणारा, भरपूर स्निग्ध आणि अत्यल्प पिष्ट असलेला कीटोजेनिक आहार सुचवला. १९३८ च्या सुमारास फेनिटॉइन आले आणि तो मागे पडला. २००८ मध्ये लंडनमध्ये १४५ मुलांवर झालेल्या चाचणीत आहार घेणाऱ्या ३८ टक्के मुलांच्या आकड्या निम्म्याहून कमी झाल्या, न घेणाऱ्यांत फक्त ६ टक्क्यांच्या. दिल्लीच्या एम्समध्ये १०२ मुलांवर झालेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याच्या सौम्य प्रकाराने, सुधारित ॲटकिन्स आहाराने, ५२ टक्के मुलांना असा फायदा झाला, दुसऱ्या गटात ११.५ टक्के. मुंबईत डॉ. जनक नाथन यांनी भारतीय स्वयंपाकात बसेल असा हा आहार बसवला आणि २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. म्हणजे हे आपल्याकडे होऊ शकते.

पण हा आहार म्हणजे यूट्यूबवरचे ‘कीटो’ नव्हे. सुधारित ॲटकिन्समध्ये मुलाला दिवसभरात १० ते २० ग्रॅम पिष्ट चालते. ६० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत सुमारे ४० ग्रॅम असते. म्हणजे अर्धी भाकरी खाल्ली की दिवसाचा कोटा संपला, आणि आकडीच्या औषधाच्या गोड सिरपातली साखरही त्यातच मोजायची. मूतखडे, बद्धकोष्ठ, वाढ मंदावणे, साखर उतरणे हे धोके असतात आणि काही जन्मजात विकारांत हा आहार जीवघेणा ठरतो. म्हणून आधी तपासण्या, मग वजनकाट्यावर तोललेले जेवण, वरून जीवनसत्त्वे आणि नियमित रक्ततपासणी. हे एकट्या आईचे काम नाही. दोन औषधे योग्य मात्रेत देऊनही ज्या मुलाच्या आकड्या थांबत नाहीत, त्याला हा उपचार मिळायला हवा, आणि आज तो बहुधा मुंबई-पुण्याला खेपा घालू शकणाऱ्यांनाच मिळतो. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमात शाळा-अंगणवाडीत मुले तपासताना आकडीचा विकारही पाहायचा असतो. त्या तपासणीत सापडलेल्या मुलासाठी सोलापूरच्या शासकीय रुग्णालयात आठवड्यातला एक दिवस मेंदूविकाराचे डॉक्टर आणि शेंगदाणा, तूप, पनीर, अंडी यांतून सोलापुरी जिभेला रुचेल असा तोलून मापून आहार बसवणारी आहारतज्ज्ञ एका टेबलावर बसले पाहिजेत. त्या आहारात शेंगदाणा, अर्थातच मोजून, पुन्हा ताटात येतो.